मोटारीचें अंग घडविणारे कारागीर

पुण्याहून सोलापुराकडे येणाऱ्या हमरस्त्यावर ज्यांचें वारंवार जाणें-येणें होतें, त्यांच्या पाहण्यांत एक चमत्कारिक वाहन केव्हां ना केव्हां आलेंच असेल. त्याला चाकें असतात, एंजिन असतें, सुकाणूचें चक्र असतें. पण छप्पर नसतें, दारें नसतात, कांच नसते. दोन लांबलचक लोखंडी तुळया आणि त्यांच्या टोकाशीं एका फळीवर बसलेला, डोक्यातोंडाला पंचा गुंडाळलेला ड्रायव्हर, एवढेंच त्याचें रूप. ऊन, वारा आणि धूळ खात हा गृहस्थ शेंकडों मैलांची मजल मारीत असतो. हें वाहन मोडकें नव्हे. तें अर्धेंच जन्माला आलेलें आहे. कारखान्यानें त्याला पाय दिले, हृदय दिलें. अंग मात्र त्याला दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या माणसांच्या हातून मिळावयाचें आहे. आपल्याकडील लॉरीवाले या सांगाड्याला ‘चासी’ म्हणतात आणि तिच्यावर चढावयाच्या अंगाला ‘बॉडी’ म्हणतात. हेच दोन शब्द मीहि या भाषणांत वापरणार आहें.

श्रोतेहो, आज ज्या मोटारींची हकीकत सांगावयाची आहे, त्या रस्त्यानें धांवतांना आपल्यापैकीं फारच थोड्यांनीं पाहिल्या असतील. दुसरें महायुद्ध संपल्यानंतरच्या आठ-दहा वर्षांत पॅरिसच्या आसपासच्या कांहीं कर्मशाळांतून त्या बाहेर पडल्या. एकीसारखी दुसरी क्वचितच असे. आतां त्यांतील उरल्यासुरल्या गाड्या संग्रहालयांत आणि हौशी धनिकांच्या पदरीं आहेत. परंतु त्यांचा जन्म कसा झाला आणि त्यांचा वंश कां बुडाला, हें समजून घ्यावयाचें असेल तर आरंभ त्या उघड्या चासीपासूनच केला पाहिजे. कारण जेथें चासी एकाची आणि बॉडी दुसऱ्याची असते, तेथेंच या कारागिरीला जागा असते.

आपल्या बैलगाडीचें उदाहरण घ्या. चाकें, आरे, कणा आणि लोखंडी धांव हें एक काम. त्यांवर बसणारा साटा हें दुसरें. कणा तोच, चाकें तींच. वर ज्वारीचीं पोतीं लादलीं कीं ती शेताची गाडी, आणि बांबूच्या कांबी वांकवून त्यांवर तट्ट्या घातला, आंत गोधडी अंथरली, कीं तीच सिद्धेश्वराच्या गड्ड्याला निघालेली छपराची गाडी. युरोपांतहि घोडागाडीच्या काळीं अशीच व्यवस्था होती. पॅरिस आणि लंडन येथें घोडागाड्यांचें अंग घडविणारीं मोठीं घराणीं होतीं. बसणाऱ्याला धक्का कसा लागूं नये, झग्याचा घोळ सांवरीत बाईला पायरी कशी चढतां यावी, दार मिटतांना आवाज कसा व्हावा, या गोष्टी त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासिलेल्या होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोटार आली. ती काढणारे लोक यंत्रज्ञ होते. एंजिनाची धडधड त्यांना समजे. आसनाची बैठक आणि दाराची घडण समजत नसे. म्हणून सहजच असा प्रघात पडला कीं, मोटारीच्या कारखान्यानें चासी विकावी आणि गिऱ्हाइकानें ती घेऊन आपल्या पसंतीच्या कर्मशाळेंत जावें, जसें कापड एका दुकानीं घ्यावें आणि अंगरखा दुसऱ्याकडे शिवावा. शिंपी अंगाचें माप घेतो. येथें ऐपतीचें आणि हौसेचें माप घेतलें जाई.

मराठी घराण्यांतील एक उदाहरण या पद्धतीवर चांगला प्रकाश पाडतें. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांना मोटारींचा मोठा षोक होता. १९३५-३६ च्या सुमारास त्यांनीं अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग कंपनीची चासी घेतली. परंतु तिची बॉडी अमेरिकेंत बांधविली नाहीं. लंडनच्या गर्नी नटिंग यांच्या कर्मशाळेंत त्या चासीवर केशरी आणि काळ्या रंगाची बॉडी चढविण्यांत आली. चासी एका खंडांतील, बॉडी दुसऱ्या खंडांतील आणि धनी तिसऱ्या खंडांतील, असा तो त्रिवेणी संगम होता. त्या काळीं यांत कोणालाहि नवल वाटलें नाहीं. महायुद्धापूर्वीं हिंदुस्थानांतील संस्थानिक हे युरोपांतील या कर्मशाळांचे मातबर आश्रयदाते होते.

आतां पॅरिसकडे वळूं. या कलेंत इंग्रजांचा भर भारदस्तपणावर असे, तर फ्रेंचांचा रेषेवर. १९३५ नंतरच्या चार-पांच वर्षांत फ्रेंच कर्मशाळांनीं मोटारीला असें रूप दिलें कीं, ती उभी असली तरी धांवत आहे असें वाटावें. पाण्याचा थेंब खालीं पडतांना जो आकार घेतो असें आपण चित्रांत दाखवितों, तसा तिचा पाठीमागचा उतार; चाकांवरील आच्छादनें सुटीं न ठेवतां सबंध अंगांत मिसळून दिलेलीं; आणि त्यांवरून चकचकीत धातूची एक बारीक पट्टी वळण घेत गेलेली.

हें काम करणारीं माणसें कोण होतीं? नांवें पाहिलीं तर मौज वाटते. जोसेफ फिगोनी हा मूळचा इटलींतील; लहानपणींच आईबापांबरोबर फ्रान्समध्यें आला. त्याचा भागीदार ओव्हिदियो फालास्की हाहि इटालियनच. झाक साउचिक हा रशियन साम्राज्यांतून आलेला. मूळ धंदा उंची लांकडी सामान घडविणाऱ्या सुताराचा. त्यानें १९०६ सालीं पॅरिसच्या लगतच्या नयी या उपनगरांत आपली कर्मशाळा काढली. म्हणजे ज्या कलेला जगानें ‘फ्रेंच’ म्हणून गौरविलें, ती पुष्कळशी पोटासाठीं देशांतर केलेल्या लोकांच्या हातांतून उतरलेली होती. सोलापूरकरांना हें सांगितलें तर त्यांना नवल वाटूं नये. आपल्या शहराच्या नांवानें देशभर गेलेल्या चादरी ज्यांच्या मागांवर विणल्या गेल्या, त्यांतील कितीतरी विणकर घराणीं तेलंगणांतूनच येथें आलीं.

कामाची रीत अशी असे. प्रथम कागदावर लहानसें चित्र. तें गिऱ्हाइकाच्या मनास आलें कीं भिंतीएवढ्या फळ्यावर गाडीचा पुऱ्या मापाचा आराखडा काढावयाचा. त्यावरून सुतारानें ॲश नांवाच्या चिवट लांकडाचा सांगाडा तयार करून चासीवर बसवावयाचा. मग पत्रा ठोकणाऱ्यांचें काम सुरू होई. पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा सपाट पत्रा लांकडी ठोकळ्यावर अगर वाळूच्या पिशवीवर ठेवून हातोड्यानें ठोकीत, रुळांमधून फिरवीत, त्याला बांक द्यावयाचा. पुण्याच्या तांबट आळींत हंडा घडतांना ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना यांतील मर्म ताबडतोब कळेल. धातु जेथें ठोकावी तेथें पसरते. कोठें पसरूं द्यावयाची आणि कोठें आंवळून घ्यावयाची, हें पुस्तकांत सांगतां येत नाहीं. हातोड्याच्या नादावरून आणि तळहाताच्या स्पर्शावरून तें ओळखावयाचें असतें. गाडीची डावी बाजू आणि उजवी बाजू एकमेकींचें प्रतिबिंब असावी लागे, आणि दोन्ही बाजू निरनिराळ्या पत्र्यांतून हातांनींच ठोकून काढलेल्या असत. त्यानंतर रंगाचे थरांवर थर, प्रत्येक थराला घासून गुळगुळीत करणें, कातड्याचीं आसनें, लांकडाच्या पट्ट्या. एका गाडीला महिनेच्या महिने लागत.

आणि या दिमाखदार अंगाखालीं कोणती चासी असे? येथें इतिहासानें एक गंमत करून ठेविली आहे. या कर्मशाळांना जी चासी फार आवडे, ती देलाये कंपनीची होती. एमील देलाये या गृहस्थानें फ्रान्समधील तूर गांवीं गेल्या शतकापूर्वीच्या शतकांत, १८९० नंतरच्या दशकांत, ही कंपनी काढली. पुढें तिचा लौकिक मुख्यत्वें लॉऱ्या आणि आगीचे बंब यांबद्दल झाला. मजबूत, टिकाऊ, पण रूपहीन अशी तिची ख्याति होती. १९३५ च्या सुमारास या कंपनीनें ‘१३५’ या नांवाची सहा नळकांड्यांची गाडी काढली. तिचें एंजिन लॉरीच्या एंजिनापासूनच सिद्ध केलेलें होतें. परंतु त्या एंजिनांत असें कांहीं बळ होतें कीं, १९३८ सालीं ल माँ येथील चोवीस तासांच्या जगप्रसिद्ध शर्यतींत शाबो आणि त्रेमूले या दोघांनीं देलाये गाडीनेंच पहिला क्रमांक मिळविला. लॉरीच्या कुळांत जन्मलेल्या या चासीवर फिगोनी आणि साउचिक यांनीं राजकन्येचा साज चढविला. चासी तयार करणारा तो सौंदर्याचा दावा करीत नव्हता आणि बॉडी घडविणारा तो यंत्राचा. दोघांचा संसार दोघांना एकमेकांची गरज होती म्हणूनच सुखाचा झाला.

१९३९ सालीं युद्ध सुरू झालें आणि १९४० सालीं पॅरिस जर्मनांच्या हातीं गेलें. १९४५ सालीं शांतता झाली तेव्हां फ्रान्समध्यें पोलाद नव्हतें, कोळसा नव्हता, पेट्रोल शिध्यानें मिळे. पावसुद्धां १९४९ पर्यंत शिधापत्रिकेवर होता. अशा स्थितींत १९४६ च्या आक्टोबरांत पॅरिस येथें युद्धानंतरचें पहिलें मोटार-प्रदर्शन भरलें. त्या एकाच प्रदर्शनांत दोन गाड्या लोकांपुढें आल्या आणि त्या दोहोंत फ्रान्सच्या पुढील वाटा सांठविलेल्या होत्या.

एक होती रेनो कंपनीची ‘चार अश्वशक्तीची’ गाडी. लहानशी, वाटोळी, पाठीमागें एंजिन असलेली. तिला स्वतंत्र चासी नव्हती. पत्र्याचें कवच हाच तिचा सांगाडा. पुढील पंधरा वर्षांत अशा दहा लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. दुसरी होती देलायेची ‘१७५’. साडेचार लिटरच्या जवळपास मापाचें सहा नळकांड्यांचें एंजिन, रुंद आणि लांब चासी, आणि वर बॉडी कोणाची घ्यावयाची ती ज्याची त्यानें ठरवावी. ही ‘१७५’ आणि तिच्याच वंशांतील ‘१७८’ व ‘१८०’ अशा तिन्ही जातींच्या मिळून निघालेल्या गाड्यांची संख्या शंभराच्या थोडी वर जाते, इतकेंच.

या शंभरांतील एकीचें वर्णन करतों, म्हणजे बाकीच्यांची कल्पना येईल. १९४९ सालीं साउचिकच्या कर्मशाळेंत ‘१७५ एस’ या चासीवर दोन माणसांपुरती एक उघडी गाडी घडविण्यांत आली. ती जॉन गॉल या इंग्रज षोकिनानें घेतली. पुढें ती डायना डोर्स या इंग्रज सिनेनटीकडे गेली. गाडीचा अवाढव्य लांबपणा पाहिला कीं प्रथम वाटतें, ही दोघांकरितां कशी? पण तिची सारी लांबी नाकांत आणि पाठींत गेलेली आहे. माणसें मधल्या लहानशा खोबणींत बसावयाचीं. चारही चाकें पत्र्याच्या आच्छादनांत जवळजवळ झांकलेलीं आहेत. पुढचीं चाकें तर वळावीं लागतात. त्यांना आंतल्या आंत वळावयास जागा मिळावी म्हणून समोरचीं दोन्ही आच्छादनें फुगीर आणि रुंद करावीं लागलीं, आणि त्या अडचणींतूनच तिचा जलचरासारखा आकार निष्पन्न झाला. कडेनें चकचकीत धातूची पट्टी एका लांब वळणानें मागेंपर्यंत जाते. त्या काळीं युरोपांत मोटारींच्या सौंदर्यस्पर्धा भरत. गाडी आणि तिच्याशेजारीं उभी राहणारी, तिच्या रंगाला साजेसा पोषाख केलेली बाई, यांची जोडी परीक्षकांपुढून जाई. अशा स्पर्धांत या गाडीनें मान मिळविला.

अशी गाडी व्यवहाराला निरुपयोगी, हें उघड आहे. तिच्यांत सामान राहात नाहीं; खड्ड्यांच्या रस्त्यावर तिचें आच्छादन घांसतें; चाक बदलावयाचें तर प्रथम पत्रा सोडवावा लागतो. युद्धांत होरपळलेल्या देशांत ती कोणासाठीं केली, असा प्रश्न कोणी विचारला तर तोहि अन्याय्य म्हणतां येणार नाहीं. आणि फ्रेंच सरकारनें तो प्रश्न विचारलाच.

या कारागिरीचा अंत पुष्कळांना वाटतो तसा केवळ अभिरुचि पालटल्यामुळें झाला नाहीं. त्याला तीन निश्चित कारणें होतीं. पहिलें कारण पोलादाचें वांटप. युद्धानंतर पॉल-मारी पाँस या अधिकाऱ्याच्या नांवानें ओळखली जाणारी एक योजना आंखण्यांत आली. कोणत्या कारखान्यानें कोणत्या प्रकारचें वाहन करावें, हें तींत ठरविलें होतें. मोठ्या कारखान्यांनीं सामान्य जनांसाठीं लहान गाड्या आणि देशासाठीं लॉऱ्या कराव्या. उंची गाड्यांचे लहान कारखानदार मात्र दुय्यम ठरले आणि त्यांनीं आपला माल परदेशीं विकून डॉलर आणावे, अशी अपेक्षा धरण्यांत आली.

दुसरें कारण कर. फ्रान्समध्यें एंजिनाच्या मापावरून एक ‘कराची अश्वशक्ति’ काढण्यांत येई. १९४८ पासून ज्या गाड्यांची ही अश्वशक्ति पंधराच्या वर जाईल, त्यांच्यावर भारी वार्षिक कर बसला, आणि पुढें तो वाढत गेला. तालबो-लागो नांवाच्या दुसऱ्या एका उंची फ्रेंच गाडीचें नांवच मुळीं ‘टी २६’ होतें. त्यांतील सव्वीस हा आंकडा तिच्या कराच्या अश्वशक्तीचाच होता. म्हणजे गाडीच्या कपाळावरच तिच्या शिक्षेचा आंकडा लिहिलेला! श्रीमंत फ्रेंच मनुष्यहि अशी गाडी दारांत उभी करावयास कचरूं लागला. कारण करापेक्षांहि, कर घेणाऱ्याच्या नजरेंत येणें त्याला अधिक महाग पडत होतें.

तिसरें कारण सर्वांत खोल होतें. तें म्हणजे चासीच नाहींशी होत चालली होती. सित्रोएन कंपनीनें १९३४ सालींच अशी गाडी काढली होती कीं, जींत चासी आणि बॉडी एकजीव झालेल्या होत्या. प्रचंड दाबयंत्राखालीं पत्रा एका ठोक्यांत आकार घेई, आणि असे तुकडे जोडून कवच तयार होई. हें कवच हलकें, मजबूत आणि स्वस्त. त्यांतून चासी निराळी काढतां येत नाहीं, जसा अंड्याच्या टरफलांतून सांगाडा काढतां येत नाहीं. मग बॉडी घडविणाऱ्यानें आपली बॉडी चढवावयाची कशावर? मोठा कारखाना त्याला चासी विकेना, आणि जे विकीत होते ते लहान कारखाने करानें मरत होते.

देलाये कंपनीनें धडपड कमी केली नाहीं. १९५१ सालीं माँटे कार्लोच्या दूर पल्ल्याच्या शर्यतींत त्रेव्वू आणि क्रोव्हेत्तो यांनीं ‘१७५’ गाडीनें पहिला क्रमांक पटकाविला. त्याच सालीं तिनें ‘२३५’ ही नवी गाडी काढली. परंतु शर्यत जिंकल्यानें करमाफी मिळत नाहीं. १९५४ सालीं हॉचकिस या दुसऱ्या कंपनीनें देलायेला पोटांत घेतलें आणि देलाये मोटारींचा वंश खुंटला. लागलीच १९५५ सालीं साउचिकची कर्मशाळा बंद पडली. फिगोनीचेंहि नव्या गाड्यांना अंग घडविण्याचें काम त्याच सुमारास थांबलें. येथें एक गोष्ट ध्यानांत धरण्यासारखी आहे. या मंडळींचा हात थकला नव्हता. उलट त्यांच्या कलेचा तो परमोत्कर्षाचा काळ होता. कारागीर उणा पडल्यामुळें ही कला मेली नाहीं. जो पाया ती दुसऱ्याकडून घेत होती, तो पायाच मिळेनासा झाला म्हणून ती मेली.

एक मात्र तगला. आँरी शाप्रों याचीहि अशीच कर्मशाळा होती. त्यानें काळाची पावलें ओळखलीं आणि सित्रोएन कंपनीच्या त्या वेळच्या अत्यंत आधुनिक ‘डी एस’ गाडीचें छप्पर काढून तिला उघडी गाडी करण्याचें कसब साधलें. १९६० च्या सुमारास खुद्द कंपनीनेंच त्याची ती उघडी गाडी आपल्या यादींत घेतली. शाप्रोंचा मोठेपणा असा कीं, चासी मिळत नाहीं म्हणून तो रडत बसला नाहीं. जें कवच मिळालें त्यावरच त्यानें हात चालविला. पण हेंहि खरें कीं, तो आतां स्वतंत्र कलावंत राहिला नव्हता. मोठ्या कारखान्याचा मानाचा मदतनीस झाला होता.

आतां आपल्याकडे पाहूं. पॅरिसमध्यें १९४८ सालीं उंची गाड्यांवर कराचा घाला पडला. त्याच १९४८ सालीं आपल्या मुलखांत अशा गाड्यांचे गिऱ्हाईकच उरलें नाहीं. त्या वर्षाच्या मार्च महिन्याच्या ८ तारखेला दक्षिणेंतील संस्थानें मुंबई इलाख्यांत विलीन झालीं. सोलापूरच्या शेजारचें अक्कलकोट हें त्यांपैकींच एक. पुढें मे महिन्यांत इंदूरहि मध्यभारतांत सामील झालें. राजेरजवाड्यांच्या मोटारखान्यांत नवी गाडी येण्याचे दिवस सरले. आणि त्यानंतर अवघ्या कांहीं दिवसांनीं, १ जून १९४८ रोजीं, पुणें आणि तेव्हांचें अहमदनगर यांच्या दरम्यान राज्य परिवहनाची पहिली मोटार धांवली. तिची बॉडी लांकडी होती. साउचिकची बॉडीहि लांकडी सांगाड्यावरच उभी होती, हें आपण आतांच पाहिलें. पॅरिसमधील ती दोन माणसांसाठीं होती. पुणें-नगर मार्गावरील ही सर्वांसाठीं होती.

राज्य परिवहनानें आरंभीं नाना देशांच्या, नाना कंपन्यांच्या चाशा वापरल्या. शेव्हरोले, बेडफर्ड, स्टुडबेकर, लेलंड, आल्बियन अशीं नांवें त्यांत होतीं. पुढें महामंडळानें दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील आपल्या कर्मशाळांत स्वतः बॉड्या बांधण्यास आरंभ केला. ॲल्युमिनियमच्या, आणि अलीकडे पोलादाच्या. म्हणजे ज्या धंद्याला पॅरिसमध्यें गिऱ्हाईक उरलें नाहीं, तोच धंदा महाराष्ट्रांत खेड्यापाड्यांतील बाजारकरू, शाळेंत जाणारीं मुलें आणि पंढरीचे वारकरी यांच्या सेवेस लागला.

या गोष्टींत सोलापूरच्या एका सुपुत्राचाहि वांटा आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरास झाला. आगबोटी, विमानें आणि मोटारी या तिन्हींचे कारखाने या देशांत निघाले पाहिजेत, हा त्यांचा ध्यास होता. १९४४ सालीं त्यांनीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि अमेरिकेंतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें १९४७ सालीं कुर्ला येथें मोटारींची जुळणी सुरू झाली. पुढें डॉज आणि फार्गो या नांवांच्या लॉऱ्या देशभर दिसूं लागल्या. कारखान्यानें चासी द्यावी आणि गांवच्या सुतारानें व लोहारानें तिच्यावर बॉडी बांधावी, हा लॉरीच्या धंद्यांतील रिवाज या काळांत आपल्याकडे पक्का झाला. पॅरिसमध्यें जी श्रमविभागणी श्रीमंतांच्या हौशीसाठीं होती, ती येथें ऊंस, कापूस, सूत आणि चादरी वाहण्यासाठीं उपयोगी पडली. आपल्या लॉरीच्या बॉडीवर जो नक्षीदार पट्टा, जें कमळ आणि जो मोर रंगविलेला असतो, तो त्या चकचकीत पट्टीचा गरीब भाऊच समजावा. मालाला त्याचा कांहीं उपयोग नसतो. पण ज्यानें बॉडी बांधली त्याला आपली खूण ठेवल्यावांचून राहवत नाहीं.

मग फ्रेंच सरकारनें केलें तें योग्य कीं अयोग्य? माझ्या मतें, उपाशी देशांत चैनीवर कर बसविणें हें योग्यच होतें. ज्या पोलादांतून एक राजस गाडी निघते त्यांतून चार लहान गाड्या निघत असतील, तर राज्यकर्त्यानें चारांचा पक्ष घ्यावा. परंतु तो कर बसवितांना एक हिशेब करावयाचा राहून गेला. धनिकाची हौस बुडाली म्हणून कोणी अश्रु ढाळण्याचें कारण नाहीं. पण त्या हौशीच्या आश्रयानें जीं शेंकडों माणसें पत्र्यांतून वळण काढण्याची विद्या जाणत होतीं, त्यांच्या हातांना दुसरें काम देण्याची योजना कोणी आंखली नाहीं. विद्या हातांत असते. हात म्हातारे झाले आणि शिकणारा मुलगा शेजारीं उभा राहिला नाहीं, कीं ती एका पिढींत जाते. आज त्या जुन्या गाड्यांची डागडुजी करावयाची म्हटली, तर असा हातोडा चालविणारा मनुष्य शोधीत हिंडावें लागतें आणि त्याला मागेल तें द्यावें लागतें.

सोलापूरच्या श्रोत्यांपुढें हें बोलण्याचें प्रयोजन आतां ध्यानांत आलेंच असेल. या शहरानें हातमागाची जागा यंत्रमागानें घेतलेली पाहिली आहे. १८७७ सालीं सुरू झालेली जुनी गिरणी आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या यांचे भोंगे एके काळीं येथला दिवस ठरवीत. ते भोंगेहि बंद पडलेले या शहरानें ऐकले आहेत. विणकराचा हात कुशल असतो. पण सूत दुसऱ्याचें, भांडवल दुसऱ्याचें आणि बाजारहि दुसऱ्याचा. बॉडी बांधणाऱ्याची चासी आणि विणकराचें सूत हें एकच दुखणें आहे. ज्या वस्तूवर आपली कारागिरी उभी आहे, तिच्यावर आपला कांहीं तरी हक्क असला पाहिजे, मग तो सहकारानें मिळो, कराराने मिळो कीं कायद्यानें मिळो. नाहीं तर कलेच्या ऐन बहरांत पाया काढून घेतला जातो आणि कारागीर हातांत हातोडा घेऊन उभा राहतो.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाहीं. लॉरीची केबिन आतां पुष्कळदां कारखान्यांतूनच पुरी होऊन येते. बसच्या बॉडीसाठीं सरकारनें नियमसंहिता केली आहे. दारें, आसनें, संकटकाळीं बाहेर पडण्याची वाट यांचीं मापें तींत ठरवून दिलेलीं आहेत. प्रवाशांच्या जिवाच्या दृष्टीनें हें अवश्य आहे आणि त्याचें स्वागतच केलें पाहिजे. पण ज्या लहान कर्मशाळांनीं आजवर हें काम केलें, त्यांना नवीं मापें शिकण्याची, नवीं हत्यारें घेण्याची सवड आणि साह्य मिळतें कीं नाहीं, यावर त्यांच्या वांट्याला साउचिकची गत येते कीं शाप्रोंची, हें ठरेल.

पुढच्या खेपेस हमरस्त्यावर ती उघडी चासी दिसली, तर तिच्याकडे नुसती गंमत म्हणून पाहूं नका. फळीवर बसलेला तो धुळीनें माखलेला ड्रायव्हर ज्या गांवाकडे चालला आहे, तेथें कोणी सुतार आणि कोणी पत्रा ठोकणारा तिची वाट पाहत बसलेला आहे.